कोणते भिंग चांगले? व्यक्तिचित्रणाच्या भिंगाची आणि त्याच्या परीक्षेची गोष्ट

१/
१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये डॅगेरच्या छायाचित्रण-पद्धतीचा तपशील जाहीर झाला आणि ती वार्ता काही महिन्यांतच युरोपभर पसरली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर इमारती, पुतळे आणि रस्ते आश्चर्यकारक बारकाव्यांसह उमटू लागले. माणसाचा चेहरा मात्र उमटत नव्हता. चेहरा फार वेळ स्थिर राहत नाही आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून पुरेसा प्रकाश आत येत नव्हता, हे त्याचे कारण. या अडचणीतून जे भिंग जन्मले त्याची, त्याच्या दोषांची आणि ते दोष ओळखण्याच्या शास्त्राची ही हकीकत.

२/
डॅगेरच्या कॅमेऱ्यातील भिंग पॅरिसचे चष्मे-दुर्बिणी बनवणारे शार्ल शेवालिए यांच्याकडचे होते. त्याच्या पुढे एक लहान छिद्र ठेवलेले असे आणि त्या छिद्राचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या साधारण पंधराव्या हिश्शाइतका असे. उन्हात ठेवलेल्या देखाव्यालाही काही मिनिटे लागत. चित्र काढून घेणाऱ्या माणसाचे डोके लोखंडी आधाराला टेकवून ठेवावे लागे. छिद्र मोठे केले तर प्रकाश वाढेल, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही ते मोठे करता येत नव्हते.

३/
ते का, हे समजण्यासाठी भिंगाचा मूळ दोष पाहावा लागतो. भिंगाचे पृष्ठभाग गोलाचे तुकडे असतात, कारण घासून अचूक तयार करता येईल असा आकार गोलाचाच. पण गोल पृष्ठभाग सर्व किरणांना एका बिंदूत आणत नाही. कडेजवळून जाणारे किरण मध्यातून जाणाऱ्यांपेक्षा अलीकडे एकत्र येतात. याला गोलीय विपथन म्हणतात. छिद्राचा व्यास दुप्पट केला तर प्रकाश चौपट होतो, पण या दोषामुळे येणारा धूसरपणा साधारण आठपट होतो. प्रकाशाचा नफा आणि स्पष्टतेचा तोटा यांचा हा व्यवहार फार महागात पडणारा होता.

४/
दुसरा दोष रंगांचा. काच निळ्या किरणांना तांबड्यापेक्षा अधिक वळवते, म्हणून प्रत्येक रंगाची प्रतिमा वेगळ्या अंतरावर पडते. यावर उपाय अठराव्या शतकातच सापडला होता. क्राऊन काचेचे बहिर्गोल भिंग आणि फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग जोडले की दोन रंग एकत्र आणता येतात. दुर्बिणींत ही जोडी सर्रास वापरली जाई. तथापि ती डोळ्यासाठी जुळवलेली होती आणि पत्र्याला दिसते ते डोळ्याला दिसते त्याहून वेगळे असते. हा फरक पुढे छायाचित्रकारांना बराच भोवणार होता.

५/
चित्राच्या मध्यापासून दूर गेल्यावर आणखी चार दोष डोके वर काढतात. कोमा या दोषात प्रकाशाचा ठिपका धूमकेतूसारखा शेपूट धरतो. अबिंदुकतेत ठिपक्याची एका अंतरावर आडवी आणि दुसऱ्या अंतरावर उभी रेघ होते. क्षेत्रवक्रतेत प्रतिमा सपाट पत्र्यावर न पडता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. विरूपणात सरळ रेषा वाकलेली दिसते. दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र लहान असल्याने दुर्बीणकारांना या दोषांची फारशी फिकीर करावी लागली नव्हती. कॅमेऱ्याला रुंद चित्र हवे असते, म्हणून त्याला ही सर्व भुते एकदम भेटली.

६/
सन १८३९ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आंद्रेआस फोन एटिंग्सहाउझेन पॅरिसमध्ये होते. नवी पद्धत पाहून परतल्यावर त्यांनी आपले सहकारी, गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांच्यापुढे भिंगाचा प्रश्न मांडला. पेट्झवाल यांचा जन्म १८०७ मधला, आज स्लोव्हाकियात असलेल्या स्पिश्स्का बेला गावचा. भिंगे घासण्याचा व्यवसाय त्यांनी कधी केला नव्हता. तोवर भिंगकार अनुभवाने आणि वारंवार करून पाहून भिंग जुळवीत. पेट्झवाल यांनी कागदावरच्या गणनेने आधी भिंग घडवायचे ठरवले.

७/
ही गणना अवाढव्य होती. प्रत्येक किरण प्रत्येक पृष्ठभागावर किती वळतो, हे लॉगॅरिथमच्या कोष्टकांच्या आधारे हातानेच काढावे लागे. आणि एक वक्रता बदलली की सारे पुन्हा आरंभापासून. ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचे प्रमुख आर्चड्यूक लुडविग यांनी त्यासाठी गणनेत तरबेज असलेले सुमारे दहा तोफखाना-सैनिक त्यांच्या हाताखाली दिले. तोफगोळ्याचा मार्ग काढण्यास शिकलेली माणसे प्रकाशाचा मार्ग काढू लागली. छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांची नावे क्वचितच घेतली जातात.

८/
सन १८४० मध्ये रचना तयार झाली. पुढे क्राऊन आणि फ्लिंट काचेची चिकटवलेली जोडी, मागे तशीच दुसरी जोडी पण दोन काचांमध्ये हवेची फट ठेवलेली. एकूण चार भिंगे. व्हिएन्नाचे भिंगकार पेटर फोक्टलेंडर यांनी ते प्रत्यक्षात उतरवले. त्याचे नाभीय अंतर साधारण १५० मिलिमीटर होते आणि छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या १/३.६ च्या आसपास. शेवालिएच्या भिंगाशी तुलना करता ते सुमारे पंधरा ते वीसपट प्रकाश आत घेई. १८४१ मध्ये फोक्टलेंडर यांनी हेच भिंग बसवलेला पितळी कॅमेरा बाजारात आणला. त्याचे चित्र वर्तुळाकार असे आणि त्याचा व्यास सुमारे नऊ सेंटिमीटर.

९/
हे भिंग चांगले होते काय? याचे उत्तर चित्राच्या कोणत्या भागाकडे पाहावे यावर अवलंबून होते. मध्यभागी गोलीय विपथन आणि कोमा यांचे निवारण इतके चांगले होते की डोळ्याची पापणीसुद्धा स्पष्ट येई. कडेकडे जाताना क्षेत्रवक्रता आणि अबिंदुकता वाढत जाई आणि चित्र विरघळल्यासारखे होई. नकाशाची प्रत काढण्यास असे भिंग निरुपयोगी. परंतु व्यक्तिचित्रात चेहरा मध्यभागी असतो आणि कडेला बहुधा पडदा किंवा खुर्चीची पाठ असते. पेट्झवाल यांनी दोष नष्ट केले नाहीत. ते चेहऱ्यापासून दूर सारले. गणना करणाऱ्याने केलेली ही निवड होती.

१०/
लवकरच व्यावसायिक छायाचित्रकारांना एक विचित्र अनुभव येऊ लागला. घासलेल्या काचेवर प्रतिमा काळजीपूर्वक स्पष्ट करून घ्यावी, पत्रा बसवावा, गिऱ्हाइकाला स्तब्ध बसवावे आणि शेवटी चित्र धूसर यावे. ना माणूस हलला, ना कॅमेरा. लहान छिद्राच्या जुन्या भिंगांत ही चूक झाकली जाई, कारण लहान छिद्र स्पष्टतेला अंतराची सूट देते. मोठ्या छिद्राच्या नव्या भिंगाने ती सूट काढून घेतली.

११/
या कोड्याचा पाठपुरावा करणाऱ्यांत लंडनमध्ये स्थायिक झालेले फ्रेंच छायाचित्रकार अँत्वान क्लॉडे अग्रणी होते. कारण रंगांच्या दोषात दडलेले होते. मानवी डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील. आयोडीनची वाफ दिलेला चांदीचा पत्रा मात्र निळ्या-जांभळ्याला. छायाचित्रकार पिवळ्या प्रकाशाची प्रतिमा डोळ्याने स्पष्ट करी आणि पत्रा जांभळ्या प्रकाशाची प्रतिमा टिपे. या दोन प्रतिमा वेगवेगळ्या अंतरांवर पडत. एकीला दृश्य नाभी आणि दुसरीला रासायनिक नाभी अशी नावे रूढ झाली.

१२/
क्लॉडे यांनी हा फरक मोजण्याचे साधे साधन केले आणि त्याला फोसिमीटर नाव दिले. एका अक्षावर पंख्याच्या पाकळ्यांसारखे क्रमांकित तुकडे एकामागे एक, ठरावीक अंतरांवर बसवलेले. समोरून पाहिले तर कोणताही तुकडा दुसऱ्याला झाकत नसे. मधल्या एका क्रमांकावर डोळ्याने नाभी साधायची आणि चित्र काढायचे. पत्र्यावर तोच क्रमांक सर्वात स्पष्ट आला तर भिंग निर्दोष. दुसराच आला तर दोन नाभींमधील अंतर लगेच हाती. महागड्या उपकरणाविना, कोणत्याही स्टुडिओत करता येण्याजोगी ही परीक्षा होती.

१३/
या परीक्षेचे महत्त्व केवळ तांत्रिक नव्हते. तोवर भिंग विकत घेणाऱ्याजवळ कारागिराच्या नावावर भरवसा ठेवण्यापलीकडे काही नव्हते. आता त्याला भिंगाच्या एका दोषाची उलटतपासणी करता येऊ लागली. परिणामी भिंगकारांनाही आपली काचजोडी बदलावी लागली. पिवळा आणि जांभळा हे दोन रंग एकत्र येतील अशा रीतीने भिंगे जुळवली जाऊ लागली आणि शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक नाभीची तक्रार चांगल्या भिंगांपुरती संपली.

१४/
इकडे पेट्झवाल आणि फोक्टलेंडर यांचे बिनसले. पेट्झवाल यांना आपल्या रचनेबद्दल एकरकमी २००० गुल्डन मिळाले होते; भिंग मात्र जगभर खपत होते आणि इतर कारागीर त्याच्या नकला करीत होते. १८५० च्या दशकात पेट्झवाल यांच्याच दुसऱ्या एका रचनेवरून वाद आणखी चिघळला. त्यांचा प्रकाशशास्त्रावरील संपूर्ण ग्रंथ कधीच प्रसिद्ध झाला नाही. १८५९ मध्ये त्यांच्या घरी चोरी झाली आणि त्यात हस्तलिखिते नष्ट झाली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. त्या भिंगामागील पूर्ण गणित असे अंधारातच राहिले.

१५/
जे गणित जगासमोर आले नाही ते दुसऱ्या वाटेने उभे राहिले. म्युनिकचे गणितज्ञ लुडविग झायडेल यांनी १८५६ च्या सुमारास भिंगातील पाच मूलभूत दोषांची सूत्रे पद्धतशीरपणे प्रसिद्ध केली: गोलीय विपथन, कोमा, अबिंदुकता, क्षेत्रवक्रता आणि विरूपण. कोणत्या पृष्ठभागाचा कोणत्या दोषात किती वाटा आहे, हे यातून वेगळे काढता येऊ लागले. आजही प्रकाशशास्त्राचा विद्यार्थी हे पाच दोष त्यांच्याच नावाने शिकतो.

१६/
पेट्झवाल यांचे नाव मात्र एका नियमात टिकले. १८४३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात, सविस्तर सिद्धता न देता, प्रतिमेच्या वक्रतेविषयीचे एक फल दिले होते. आज त्याला पेट्झवाल बेरीज म्हणतात. प्रत्येक भिंगाची शक्ती भागिले त्याच्या काचेचा अपवर्तनांक, अशा पदांची ही बेरीज शून्य झाली की मूळ वक्रता नाहीशी होते. भिंगांमधील अंतरांचा या बेरजेशी काहीच संबंध नाही. म्हणजे भिंगे पुढेमागे सरकवून ही वक्रता हटवता येत नाही.

१७/
येथे काचेनेच अडवणूक केली होती. रंगदोष घालवायचा तर बहिर्गोल भिंगाची काच रंग कमी पसरवणारी हवी. क्षेत्र सपाट करायचे तर त्याच काचेचा अपवर्तनांक जास्त हवा. तोवर उपलब्ध असलेल्या काचांत अपवर्तनांक वाढला की रंगांचा पसाराही वाढे. त्यामुळे दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे अशक्यप्राय होते. पेट्झवाल यांच्या भिंगाच्या धूसर कडांमागे गणिताची उणीव नव्हती. त्या गणिताला लागणारी काच अजून कोणी वितळवली नव्हती.

१८/
दरम्यान दोषाकडे पाहण्याची दृष्टीही बदलत होती. १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मोठ्या छिद्राच्या, पेट्झवाल पद्धतीच्या भिंगाने मुद्दाम मृदू चेहरे टिपले. तंत्रशुद्धतेच्या चाहत्यांनी त्यांच्यावर टीका केली. १८६६ मध्ये लंडनचे भिंगकार जॉन हेन्री डालमायर यांनी पेट्झवाल रचनेत बदल करून एक पेटंट घेतले. त्यातील मागचा भाग थोडा फिरवला की भिंगात गोलीय विपथन शिरे आणि चित्रावर मृदुता येई. जो दोष काढण्यासाठी सैनिकांनी रात्रंदिवस आकडे मांडले, तो आता हवा तेव्हा हव्या त्या मापाने परत आणता येऊ लागला.

१९/
सामान्य छायाचित्रकाराला स्वतःच्या घरी काय तपासता येई? काळ्या पत्र्याला सुईने पाडलेले छिद्र, त्यामागे दिवा आणि समोर कॅमेरा. मग घासलेल्या काचेवरील ठिपका भिंगवाटेने निरखायचा. मध्यात ठिपक्याभोवती धुके दिसले तर गोलीय विपथन. कॅमेरा वळवून ठिपका कडेला नेल्यावर शेपूट आले तर कोमा. नाभी पुढेमागे करताना ठिपक्याची रेघ होऊन ती आडवीची उभी झाली तर अबिंदुकता. मध्य आणि कड यांसाठी नाभी वेगळी साधावी लागली तर क्षेत्रवक्रता. विटांच्या भिंतीच्या सरळ रेषा वाकल्या तर विरूपण. ही परीक्षा आजच्या कॅमेऱ्यावरही जशीच्या तशी करता येते.

२०/
तरीही डोळ्याची परीक्षा व्यक्तिगणिक बदलते. दोघांच्या निकालात फरक पडला तर खरे कोणाचे? लंडनजवळची क्यू वेधशाळा तापमापके, घड्याळे आणि नौकानयनाची उपकरणे तपासून प्रमाणपत्रे देई. छायाचित्रणाच्या भिंगांसाठी तिथे जी तपासणी-पद्धती आखली गेली, तिचे वर्णन चार्ल्स डार्विन यांचे पुत्र मेजर लेनर्ड डार्विन यांनी १८९२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. नाभीय अंतर, काचांचे मध्य एका रेषेत आहेत की नाहीत, क्षेत्रवक्रता, अबिंदुकता, विरूपण असा प्रत्येक गुण स्वतंत्रपणे तपासून नोंदवायचा. विक्रेत्याच्या स्तुतीऐवजी तिसऱ्या, निःपक्ष संस्थेचा कागद ग्राहकाच्या हाती आला.

२१/
काचेची अडचण जर्मनीतील येना येथे सुटली. एर्न्स्ट आबे आणि ओटो शॉट यांच्या प्रयत्नांतून १८८४ मध्ये तिथे काचकारखाना उभा राहिला आणि बेरियमसारखी द्रव्ये मिसळून जास्त अपवर्तनांकाची पण रंग कमी पसरवणारी काच तयार होऊ लागली. १८९० मध्ये त्साइस कंपनीच्या पाउल रुडोल्फ यांनी अबिंदुकता आणि क्षेत्रवक्रता या दोन्हींवर एकत्रित मात करणारे भिंग सिद्ध केले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९१ मध्ये, पेट्झवाल व्हिएन्नात निवर्तले. जी अट त्यांनी १८४३ मध्ये सांगितली होती, ती पुरी होताना जगाने पाहिली ती अशी अर्ध्या शतकाने.

२२/
मोजमापाला खरी धार आली ती खगोलशास्त्रातून. पॉट्सडामच्या वेधशाळेत १८९९ मध्ये ८० सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची मोठी दुर्बीण सुरू झाली, पण तिच्या प्रतिमा अपेक्षेइतक्या चांगल्या येईनात. योहान्स हार्टमन यांनी भिंगापुढे अनेक छिद्रे पाडलेला पडदा ठेवला आणि नाभीच्या अलीकडे व पलीकडे अशी दोन चित्रे घेतली. प्रत्येक छिद्रातून आलेला किरण दोन्ही चित्रांत कुठे पडला हे मोजले की तो अक्षाला कुठे छेदतो ते गणिताने निघते. दोष भिंगाच्या कोणत्या पट्ट्यात आहे हे त्यामुळे नेमके कळले आणि भिंग पुन्हा घासले गेले. ही पद्धत त्यांनी १९०४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली.

२३/
हार्टमन यांच्या पडद्यात पेट्झवाल यांच्या गणनेचे जणू उलटे रूप दिसते. व्हिएन्नातील सैनिक भिंग घडण्यापूर्वी एकेक किरण कागदावर काढीत होते. पॉट्सडाममध्ये घडलेल्या भिंगातून तेच किरण एकेक करून परत वाचले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडद्याच्या छिद्रांच्या जागी सूक्ष्म भिंगांची जाळी आली. आज दृष्टीच्या शस्त्रक्रियेपूर्वी मानवी डोळ्याची विपथने मोजणारी यंत्रे बहुधा याच तत्त्वावर चालतात. कॅमेऱ्याच्या भिंगाचा न्याय ज्याने केला, त्या डोळ्याचीही आता तीच परीक्षा होते.

२४/
आणि पेट्झवाल यांचे भिंग? व्यक्तिचित्रणात त्याची सद्दी दीर्घकाळ टिकली आणि पुढे चित्रपटाच्या प्रक्षेपकांतही त्याच रचनेची भिंगे वापरली गेली. २०१३ मध्ये व्हिएन्नातल्याच लोमोग्राफी कंपनीने आधुनिक कॅमेऱ्यांसाठी पेट्झवाल भिंग पुन्हा बाजारात आणले. लोकांनी ते घेतले ते कडांवरच्या भोवऱ्यासारख्या धूसरतेसाठी, म्हणजे १८४० मध्ये चेहऱ्यापासून दूर सारलेल्या त्याच दोषांसाठी. भिंग कोणत्या कामासाठी हवे हे आधी सांगितल्याशिवाय ते चांगले की वाईट हे कोणत्याही परीक्षेला सांगता येत नाही. परीक्षा एवढेच करते की दोष कुठे आहे आणि किती आहे, हे लपून राहू देत नाही.